चावतंय की नाही

२ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंना,

आशीर्वाद पाठवते. नको असतील तर बाजूला ठेव, नासणार नाहीत.

पत्ता तुझ्या आईकडून घेतला. कशाला हवा हे तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फोन करता आला असता, पण फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो आणि स्पीकर लावल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. आपण घरात बोलायचं आणि उत्तर गल्लीने द्यायचं, असं चालतं. शिवाय तीन वर्षांत एकदाही तू 'आजीला दे' म्हणाली नाहीस, तेव्हा मी कशाला मधे तोंड घालू. माझी शाळा चौथीपर्यंतची. एखादं अक्षर लागलं नाही तर सोडून दे, पुढचं वाच.

काम असं आहे. तुझ्या टेबलाच्या खणात एक तपकिरी बाटली होती, अंगठ्याएवढी. त्यातलं पाणी कॉस्टिक सोडा उरलेल्या साबणावर टाकलं की गुलाबी होतं, नाहीतर होत नाही. ती संपली. तसली एक पाठवून दे, मोठी मिळाली तर मोठी. मला नकोय. कोपऱ्यावरच्या शिंपिणीच्या मुलीला शाळेत काहीतरी करून दाखवायचंय, तिला हवी आहे. औषधवाल्याकडे विचारलं असतं, पण बाटलीवरचं नाव मला वाचता येत नाही आणि बाटलीच नेऊन दाखवली तर अंधार पडायच्या आत चार गल्ल्यांना कळेल. त्याच्या दुकानात गोळ्यांपेक्षा बातम्या जास्त खपतात.

इकडचं म्हणशील तर सगळे हातपाय हलवून आहेत. तुझ्या बापाचं पोट सुटलंय आणि तो म्हणतो ते शर्ट आटल्यामुळे दिसतं. तुझी आई आता आपल्या साबणाच्या कढईवर ढवळायला असते. प्रसूतिगृहाचं काम मिळालंय आपल्याला. नव्या जन्मलेल्या पोरांना आंघोळ घालायचा साबण, चारशे वड्या, दहा मार्चला पोचवायच्या. आवडला तर वर्षभर आपलाच घेणार. तुझा बाप त्या दिवसापासून शीळ घालत फिरतोय, ती पण बेसूर.

बाटली लवकर पाठव. पोरीची शाळा थांबत नाही.

आजी

१३ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तीन वर्षांनी पत्र आलं आणि त्यात एकच ओळ. 'बाटली कोणाला हवी आहे ते खरं सांग, मग पाठवते.' वर नाव नाही, खाली सही नाही. सरकारी कचेरीतूनसुद्धा यापेक्षा गोड कागद येतात. एवढं शिकलीस, त्यात खुशाली विचारायचा धडा नव्हता वाटतं.

बरं, खरं सांगते. शिंपिणीला मुलगीच नाही, दोन्ही मुलगे आहेत आणि दोन्ही बिनकामाचे. बाटली तुझ्या आईसाठी हवी आहे. तिला मी चाखायला शिकवतेय. मी सत्तर ओलांडून चार वर्षं झाली, माझ्यामागे कोणीतरी चाखायला नको का? पण तुझ्या आईची जीभ काही धड नाही. म्हणून म्हटलं, बाटली असली की तिची तिला खात्री करून घेता येईल.

शिकवणं म्हणजे डोक्याला ताप आहे. तुला माहीतच आहे आपली पद्धत. तेल तापवायचं, कॉस्टिकचं पाणी मापाने ओतायचं, ते थोडं जास्तच ओतायचं, आणि मग ढवळत ढवळत वरून तेल सोडत जायचं. सुरीच्या टोकावर एवढासा साबण घ्यायचा, फुंकर मारायची, जिभेच्या शेंड्याला लावायचा. चावला तर कॉस्टिक उरलंय, अजून तेल. चावायचा थांबला की साच्यात ओतायचं. हे तुझ्या आईला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण ती विचारते, 'आई, चावणं म्हणजे नक्की कसं?'

आता काय सांगू? म्हटलं मुंगी चावते तसं. मग म्हटलं मुंगी नाही, रेडिओचा सेल जिभेला लावल्यावर झिणझिणतं तसं. तिने कधी सेल चाटला नव्हता. तुझ्या बापाने लगेच रेडिओ उघडून दिला. ती चाटून म्हणाली, हे तर आंबट लागतं. मग आम्ही तिघं सेल चाटत बसलो. भट्टीवाला लाकडं घेऊन आत आला, आमच्याकडे बघितलं आणि तसाच मागे गेला.

मला माझ्या सासूने असं काही समजावलं नव्हतं. तिने पाटीवर चार तुकडे ठेवले आणि म्हणाली, चाट. मी चाटले. कुठला चावतो? मी बोट दाखवलं. चुकलं की उलथनं बोटांच्या सांध्यावर. महिनाभर जिभेवर फोड होते, मग एक दिवस कळायला लागलं. ते कसं कळायला लागलं हे तिला सांगता आलं नसतं आणि मलाही येत नाही.

तू मात्र पहिल्यापासून वहीवाली. घड्याळ लावून ढवळायचीस. कढईत साबण दगड व्हायला आला तरी अजून चार मिनिटं राहिलीत म्हणायचीस.

तुझी आई सांगते की माझ्या हातचं जेवण हल्ली खारट होतं. वय झालं की हात जड होतो. तिला सांगितलंय, तूच कर मग.

बाटली पाठव.

आजी

२४ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझं दुसरं पत्र मिळालं. यात दोन ओळी आहेत, म्हणजे सुधारणा आहे. 'आईची जीभ चांगली आहे. ती फोनवर मला सांगते कुठल्या घाण्यात काय होतं ते. बाटली तुलाच हवी आहे.'

म्हणजे मायलेकी फोनवर माझ्या घाण्यांची चर्चा करता. करा.

हो, मला हवी आहे. झालं समाधान? माझी जीभ गेलीय. बोलायची शाबूत आहे, काळजी करू नकोस, चाखायची गेलीय. गेल्या वर्षी मोठा ताप आला होता, दहा दिवस पडून होते. उठले तेव्हा तोंडात बोळा कोंबल्यासारखं. मीठ कळत नाही, साखर कळत नाही. औषधवाला म्हणाला, येईल हळूहळू. आली नाही. भाजी रंग बघून खाते.

घरात कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, सगळ्यांनी तोंड पाडून बसायचं? या कारखान्यात ढवळायला माणूस मिळतो, लाकडं घालायला मिळतो, वड्या कापायला मिळतो. चाखायला मी एकटी. तुझा बाप गिऱ्हाइकाला हेच सांगतो, आमच्याकडे यंत्र नाही, आमची आई आहे. मी सांगणार, आई पण नाही आता?

तू गेल्यावर तुझा खण आवरायला घेतला तेव्हा बाटली सापडली. तू ती कशी वापरायचीस ते मी बघितलेलं होतं. तेव्हा तिला गटाराचं पाणी म्हणाले होते, ते मला आठवतं, तू आठवण करून द्यायची गरज नाही. तेव्हापासून असं करते. सुरीवर साबण घेते, म्हणते चष्मा आत राहिला, आणि आतल्या खोलीत जाऊन थेंब टाकते. गुलाबी झाला की बाहेर येऊन जीभ लावते आणि म्हणते, चावतोय, तेल सोडा. नाही झाला तर जीभ लावून मान हलवते. चष्मा नाकावरच असतो. एवढ्या दिवसांत एकाच्याही लक्षात आलं नाही, यावरून घरात माझ्याकडे किती बघतात ते समज. एकेका घाण्याला दोनच थेंब, असं करत तीन वर्षं पुरवली. जानेवारीत संपली. त्यानंतरचे दोन घाणे हात दुखतो म्हणून पुढे ढकलले.

आता प्रसूतिगृहाचा घाणा परवा चढायचाय. तो ढकलता येत नाही, कारण दहाएक दिवस वड्या वाळायला लागतात. तान्ह्या पोरांच्या अंगाला लागणार आहे हा साबण. त्यांची कातडी कशी असते, दुधावरच्या सायीसारखी. तेव्हा माझ्यावरचा राग नंतर काढ. बाटली आधी पाठव.

आजी

९ मार्च, दुपार

मास्तरीणबाई,

पार्सल आत्ता आलं. बाटली आहे, चिंध्यांत नीट गुंडाळलेली. सोबतचा कागद वाचला. 'ताप गेल्या वर्षी आला असेल तर बाटली तीन वर्षं कशी वापरलीस? ताप कधी आला होता, आजी?'

तुला लहानपणापासून बेरजा-वजाबाक्या बऱ्या यायच्या. त्याचं उत्तर देते, पण आधी हे ऐक, कारण मला बसवत नाही.

घाणा सव्वीसला चढला. पार्सल आलं नव्हतं. मला वाटलं, निभेल. पन्नास वर्षं केलंय, हाताला कळेल, वासाला कळेल, कढईच्या कडेला साबण कसा चिकटतो त्यावरून कळेल. नाही कळलं. तेल नवीन होतं, त्याचा रंगच वेगळा. मी सुरी घेतली, जीभ लावली. काही नाही. आधीही काही नव्हतं, नंतरही काही नाही. भिंत चाटल्यासारखं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तुझा बाप, भट्टीवाला, सगळे. मी मान हलवली.

मग तुझ्या आईने सुरी घेतली. मीच तिला सांगितलं होतं ना, प्रत्येक घाण्याला तूही चाखत जा म्हणून. तिने जीभ लावली आणि तिचा एक डोळा मिटला. हळूच म्हणाली, 'आई, चावतंय का हे?'

मी म्हटलं, 'तुला काय कळतंय. सेल आंबट लागतो म्हणणारी तू.'

सगळे हसले. तीही हसली. साच्यात ओतलं.

आज बाटली हातात आली तशी आत गेले. तीन वेगवेगळ्या वड्या तासून थेंब टाकले. गुलाबी नाही झाल्या, लालभडक झाल्या. तिन्ही.

चारशे वड्या कागदात गुंडाळून, खोक्यांत भरून दारात रचल्यात. तुझा बाप उद्याऐवजी आजच जायचं म्हणतोय, गाडी काढायला गेलाय. गाडी आणायला त्याला अर्धा तास लागतो, कारण वाटेत चारजणांना सांगायचं असतं कुठे चाललोय ते. तेवढ्यात हे लिहितेय. का लिहितेय माहीत नाही. तू तिथून काय करणार आहेस.

गुपचूप एक खोकं पाडता येईल का, असा विचार केला. दोन पाडता येतील. आठच्या आठ नाही पाडता येणार. दुखणं काढून पडले तर तो आधी साबण पोचवेल, मग डॉक्टर आणेल. तुझ्या आईच्या नावावर ढकलता येईल. हो, तेही मनात आलं. सोपं आहे, कारण एकदा केलेलं आहे.

गाडी वाजतेय. जाते.

१२ मार्च

मास्तरीणबाई,

मागचं पत्र सही न करताच पाकिटात घातलं. ते माझंच होतं.

काय झालं ते सांगते. मी जाऊन खोक्यांवर बसले. तुझा बाप आला, म्हणाला, आई, ऊठ. मी म्हटलं, नाही उठत. तो म्हणाला, पाय दुखतात का? म्हटलं, नाही. मग, चक्कर येते का? म्हटलं, तुझं लग्न झालं तेव्हा आली होती, त्यानंतर नाही. तो हसला आणि खालच्या बाजूने एक खोकं ओढायला लागला, मला वर ठेवूनच. मी त्याच्या हातावर चापट मारली. पन्नाशीचा माणूस, लहान पोरासारखा हात चोळत उभा राहिला. तेव्हा तुझी आई बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'चावतंय, हो ना?'

मी हो म्हटलं.

तिथेच सगळं सांगितलं. ताप, जीभ, बाटली, चष्मा. एकदा सुरू केल्यावर मधे थांबायला जागा सापडली नाही, म्हणून तुझंही सांगितलं. त्यांना जे सांगितलं तेच तुला लिहिते. तू वजाबाकी करून बरंचसं ओळखलं असशील, पण सगळं नाही. एक गोष्ट तुझ्या वजाबाकीत येणार नाही.

ताप आला तो गेल्या वर्षी नाही. तू इथे होतीस त्या हिवाळ्यात. दहा दिवस तूच उशाशी बसायचीस. मी उठले, आणि त्याच महिन्यात लाँड्रीचा घाणा होता. तू म्हणालीस, आजी, या वेळी तेल आणि कॉस्टिक दोन्ही तोलून घालू, म्हणजे चाखायची गरजच पडणार नाही. मला राग आला. गरजच पडणार नाही, असं माझ्या तोंडावर, आणि तेही नेमकं त्या महिन्यात. पण तोलू दिलं. तू तोललंस, वहीत लिहिलंस, ढवळलंस, आणि हात धुवायला गेलीस.

तू गेल्यावर मी कढईत बघितलं तर मला साबण ढिला वाटला. आपल्या जुन्या पिंपातलं कॉस्टिक कायम ओल धरलेलं असायचं, ढेकळं ढेकळं. ते मेलेलं असायचं, म्हणून शेवटी एक पळी जास्त घालायची, ही माझ्या सासूची सवय, ती माझी सवय. मी एक पळी जास्त ओतली. पण त्या वेळचं कॉस्टिक नवीन बंद पोत्यातलं होतं, कोरडं, पांढऱ्या कपच्यांचं, आणि तू ते त्याच्याच हिशेबाने तोललं होतंस. तू मला ते सांगितलं पण होतंस. सांगितलेलं मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. हात गेला आणि ओतून मोकळा झाला.

मग मी जीभ लावली. काहीच लागलं नाही. मी स्वतःला म्हटलं, चावत नाही म्हणजे चांगलाच आहे.

पुढचं तुला माहीत आहे. लाँड्रीतली इस्त्रीवाली, तेव्हा धुणंही तीच करायची, कोपरापर्यंत पट्ट्या बांधून आली आणि वडी टेबलावर ठेवली.  तुझा बाप माझ्याकडे बघायला लागला. आणि मी म्हटलं, 'ही आमची शिकलेली. हिनेच तोललं होतं.'

तू माझ्याकडे बघितलंस. तुला तेव्हा स्वतःचीच शंका आली होती, हे मला दिसलं. तू वही उघडून सगळे आकडे पुन्हा तपासायला लागलीस, तिथेच, त्या बाईसमोर. मी म्हणू शकले असते. तू पहिलं पान तपासलंस, दुसरं तपासलंस, तेवढा वेळ माझ्याकडे होता. तुझा बाप म्हणाला, घरात राहा, पण परत कढईला हात लावू नकोस. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

तुझे आकडे बरोबर होते. पहिल्या पानापासून.

हे सगळं ऐकून तुझ्या बापाने गाडी बंद केली. खोकी एकेक करून परत आत न्यायला लागला. मी ज्याच्यावर बसले होते ते शेवटी राहिलं. मला उठवलं नाही त्याने. मीच उठले. त्यानंतर तीन दिवस तो माझ्याशी 'जेवलीस का' एवढंच बोलतो. तुला फोन करायला खिशातून काढतो आणि परत ठेवतो. त्याच्याकडून लवकर काही येईल असं धरू नकोस. तो माझा मुलगा आहे.

तुझी आई रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. सुरी धुतली, पुसली, आणि म्हणाली, 'मी चावतंय म्हटलं तेव्हा तुम्ही सगळ्यांना हसवलंत. मला वाटलं माझ्या जिभेतच काहीतरी खोट आहे. घरी जाऊन आरशात बघितली मी जीभ.'

 

तू माफ कर असं मी लिहीत नाहीये. तसलं लिहिता येत नाही मला, आणि आलं तरी तू मास्तरीण, चुका काढशील. तुझे आकडे बरोबर होते हे तुला कागदावर मिळावं एवढ्यासाठी लिहिलंय. कोणाला दाखवायचं असलं तर दाखव. खाली नीट सही करते.

तुझी आजी

६ एप्रिल

मास्तरीणबाई,

तुझं पत्र आईला आलं, मला नाही. बरोबर आहे. तिने वाचून दाखवू का विचारलं, मी म्हटलं, तुझं आहे, तू वाच. ती दोनदा वाचून उशीखाली ठेवते. काय आहे त्यात ते मी विचारत नाही. जेवताना तुझ्या बापाला म्हणाली, तिथे तिला कामावर मान आहे. त्याने हातातला घास तसाच धरला होता बराच वेळ.

घाण्याचं सांगते. चारशेच्या चारशे वड्या किसल्या. चौघांनी मिळून पाच दिवस, बोटांची सालं निघाली. परत कढईत घातल्या, पाणी, तेल, मंद जाळ. तुझी आई चाखत होती. नऊ वेळा चाखून तिने तेल सोडलं, दहाव्यांदा म्हणाली बस. मग बाटलीतला थेंब टाकला, सगळ्यांच्या समोर, टेबलावर. पांढरा राहिला. तिने दोनदा टाकून बघितला. प्रसूतिगृहाने उशीर झाला म्हणून अर्ध्याच वड्या घेतल्या, वर्षभराचं काही बोलले नाहीत. तुझ्या बापाची शीळ बंद झालीय. गल्लीला तेवढाच आराम.

मी इस्त्रीवालीकडे जाऊन आले. कोणी जा म्हटलं नव्हतं. ती लाँड्रीच्या मागच्या खोलीत असते, वाफेत. मला स्टूल दिलं. मी सांगितलं, तुझे हात भाजले ते माझ्यामुळे, नातीमुळे नाही. ती शर्टाची कॉलर दाबत होती, दाबायची थांबली नाही. म्हणाली, 'मग आता मी काय करू, आजी?' तिला खरंच कळत नव्हतं काय करायचं.  तिने तो शर्ट संपवला, घडी घातली, दुसरा घेतला. मी आणखी दोन शर्ट होईपर्यंत बसले आणि उठून आले. तिच्या डाव्या मनगटावर कातडी अजून चकचकीत आहे, ओढल्यासारखी. मी या तीन वर्षांत तिच्याशी रस्त्यात कितीदा तरी बोलले असेन. मनगटाकडे बघितलं नव्हतं.

आता कढईच्या कडेचं माझं स्टूल उचलून वड्या गुंडाळायच्या टेबलापाशी ठेवलंय. तुझ्या आईनेच ठेवलं, न विचारता. गुंडाळणं काही अवघड नाही, पण मला नीट येत नाही. कागदाचे कोपरे सुटतात. पन्नास वर्षं मी दुसऱ्यांना कोपरे कसे दाबायचे ते सांगत होते, त्यामुळे मला वाटायचं मला येतं. भट्टीवाला जाता जाता माझ्या वड्या उचलून परत दाबतो आणि काही न बोलता ठेवतो. हे जास्त लागतं. तो बोलला असता तर दोन शब्द सुनावता आले असते.

थकायला झालंय. दुखत काही नाही, नुसतं थकायला होतं. इतकी वर्षं एक काम जमत होतं, मग ते जमतंय असं दाखवणं जमत होतं. त्यातलं दुसरं जास्त मेहनतीचं होतं, हे आता थांबल्यावर कळतंय.

एक गोष्ट राहिलीय ती तुला सांगते, कारण घरात सांगण्यासारखी नाही. तुझ्या आईची जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे. तरण्या वयातल्या माझ्यापेक्षा म्हणतेय. पण अजून तिचा तिच्यावर विश्वास नाही. सुरीवर साबण घेते, जीभ लावते, तिला कळलेलं असतं, तोंडावर दिसतं मला. आणि तरी ती मान वळवून माझ्याकडे बघते. पंचवीस-तीस वर्षांची सवय. ती बघते आणि बाकीचे पण बघतात.

मला काही कळत नाही, तुझं तू ठरव, असं म्हणायचं आहे मला. शब्द पाठ आहेत. सकाळी अंथरुणात म्हणून बघते, बरोबर येतात. पण ती बघते तेव्हा माझी मान आपोआप हलायला लागते. चांगला आहे, ओता. मला काहीही माहीत नसताना. मान काही माझं ऐकत नाही.

सोमवारच्या घाण्याला हलली. तिने ओतलं, आणि नशिबाने बरोबरच होतं. गुरुवारी अर्धी हलली, मी हाताने हनुवटी धरली. भट्टीवाल्याला वाटलं दात दुखतो.

काल ती बघत राहिली, मी कोपरे दाबत राहिले. बराच वेळ बघितलं तिने. मग तिने परत एकदा चाखलं, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, अजून तेल.

आजी